ओसूचा मॅप घसरतोय? ऑफसेटला हात लावण्याआधी दुखणं ओळखा

ओसू म्हणजे गाण्याच्या ठोक्यावर क्लिक करत खेळायचा संगणकावरचा खेळ. त्यात पहिला मॅप (गाण्यावर वाजवायच्या खुणांची, म्हणजे नोटांची मांडणी) करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: सुरुवातीला मस्त जुळतं, पुढे नोट गाण्याच्या मागे पडत जातात. त्यावरचा इलाजही ठरलेला. ऑफसेट पाच मिलिसेकंद इकडे, दहा तिकडे. मग अंतरा जुळला की मुखडा बिघडतो, मुखडा जुळवला की सुरुवात बिघडते. असं रात्रभर चालू शकतं, कारण वाढत जाणारी चूक ऑफसेटने कधीच मिटत नाही.

टायमिंग दोन आकड्यांवर उभं असतं. ऑफसेट म्हणजे फाईल सुरू झाल्यावर पहिली सम किती मिलिसेकंदांनी येते ते. बीपीएम म्हणजे मिनिटात किती मात्रा. त्यावरून एका मात्रेची लांबी ६०,००० भागिले बीपीएम अशी निघते. १२८ बीपीएमला ती ४६८.७५ मिलिसेकंद. ऑफसेट चुकला तर अख्खा मॅप एकाच मापाने सरकतो. बीपीएम चुकला तर चूक दर मात्रेला थोडी थोडी साठत जाते. १२८ च्या जागी १२७.९ टाकलंत तर एका मात्रेला फरक अवघा ०.३७ मिलिसेकंद, पण तीन मिनिटांत ३८४ मात्रा होतात आणि शेवटी नोट १४० मिलिसेकंदांनी मागे असतो. ओव्हरऑल डिफिकल्टी (अचूकता किती काटेकोर हवी ते ठरवणारा आकडा) ८ ला पूर्ण ३०० गुण मिळवायची मुभा ठोक्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३२ मिलिसेकंद असते, आणि सुमारे १२० च्या पलीकडे नोट सरळ चुकलेला धरला जातो. म्हणजे शेवटच्या मुखड्यात गाण्यावर अचूक वाजवणाऱ्या खेळाडूचाच कॉम्बो (न चुकता वाजवलेल्या नोटांची साखळी) तुटणार.

खालच्या कळा आणि मेन्यू जुन्या, म्हणजे स्टेबल आवृत्तीच्या एडिटरचे आहेत. लेझर या नव्या आवृत्तीत मांडणी बदलली असली तरी हिशेब हाच. शिवाय लेझरच्या टायमिंग पानावर लागोपाठच्या मात्रांचे वेव्हफॉर्म एकाखाली एक दिसतात. ठोक्यांची टोकं खाली येता येता तिरकी सरकत गेली तर बीपीएम चुकलाय, सरळ उभी पण मधल्या रेघेपासून बाजूला असली तर ऑफसेट. नवशिक्याने दोन्ही आवृत्त्या ठेवाव्यात आणि टायमिंग लेझरमध्ये बघावं. कानाला जे कळत नाही ते तिथे डोळ्याला दिसतं.

आधी आपलं यंत्र

ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा. त्यातला उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असतो, आणि मॅपिंग तर सोडाच, खेळायलाही तो चालत नाही. वायरचा हेडफोन लावा आणि दुसऱ्या कुणाचे रँक झालेले (तपासून अधिकृत मान्यता मिळालेले) तीन-चार मॅप खेळा. निकालाच्या पानावर आलेखावर माऊस नेली की सरासरी चूक मिलिसेकंदांत दिसते. सगळ्याच मॅपवर तुम्ही एकाच बाजूला, समजा पंधरा-वीस मिलिसेकंद, चुकत असाल तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे. ऑप्शन्समधला युनिव्हर्सल ऑफसेट नीट करा. ते न करता मॅपचा ऑफसेट हलवलात तर तुमच्या संगणकावर सगळं छान वाटेल आणि बाकी सगळ्यांना मॅप चुकलेला लागेल.

याच जातीचा दुसरा सापळा: खेळताना अधिक-उणे कळा दाबून बदलता येतो तो लोकल ऑफसेट. तो फक्त तुमच्या संगणकात साठतो, मॅपच्या फाईलमध्ये जात नाही. "मी तर जुळवलं होतं, अपलोड केल्यावर बिघडलं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच असतो. एडिटर उघडण्याआधी आपल्या मॅपचा लोकल ऑफसेट शून्यावर आणा.

तीन जागा, तीन आकडे

आता एफ३ दाबून टायमिंग पानावर या आणि मेट्रोनोम ऐका. गाण्यातल्या तीन जागा निवडा: पहिला स्पष्ट ठोका, साधारण मध्य, आणि शेवटचा मुखडा. तिन्ही ठिकाणी किक किंवा स्नेअरसारखा टोकदार आवाज हवा. सिंथचा पॅड किंवा गायकाचा आवाज या कामाचा नाही, त्यांची सुरुवात नेमकी कुठे हेच सांगता येत नाही.

खाली उजवीकडून वेग ५० किंवा २५ टक्के करा. मेट्रोनोम आणि ड्रम एकजीव झाले तर एकच 'टक्' ऐकू येतो. चूक असेल तर 'ट-टक्' असा फाटलेला ठोका येतो. आधी मेट्रोनोम आला की ड्रम, हे लक्ष देऊन ऐका. मग त्या जागेपुरता एकच ठोका ऐकू येईपर्यंत ऑफसेट हलवा, आकडा कागदावर लिहा आणि ऑफसेट परत मूळ जागी आणा. तिन्ही ठिकाणी हे करा. सावकाश वाजवताना आवाज ताणला जातो आणि ठोक्याची कड बोथट होते, म्हणून शेवटचा निकाल १०० टक्के वेगावरच द्या.

तीन आकडे हाती आले की निदान झालंच. तिन्ही सारखे, पण तुमच्या आत्ताच्या ऑफसेटपेक्षा वेगळे असतील तर चूक ऑफसेटची. क्रमाने एकाच दिशेला वाढत किंवा कमी होत असतील तर बीपीएमची. पहिले दोन सारखे आणि तिसरा एकदम भलताच असेल तर मध्ये कुठेतरी उडी आहे. आणि तीच जागा दोनदा मोजल्यावर दोन वेगळे आकडे आले तर ऑडिओ फाईलमध्येच घोळ आहे.

चूक वाढत जाते: बीपीएम

समजा बीपीएम १२७.९५ आहे. सुरुवातीला १,२५० वर जुळतंय, पण तिथून तीन मिनिटं, म्हणजे १,८०,००० मिलिसेकंद पुढे गेल्यावर जुळायला १,१८० लागतंय. ऑफसेट ७० ने मागे घ्यावा लागला, म्हणजे आपली जाळी (एडिटरमधल्या मात्रांच्या रेघा) गाण्यापेक्षा ७० मिलिसेकंद उशिरा पोचते. ती संथ आहे, बीपीएम वाढवायचा. नवा बीपीएम = जुना बीपीएम × १,८०,००० ÷ (१,८०,००० − ७०). उत्तर १२७.९९९८ येतं. अर्थात गाणं १२८ चं आहे.

इथे थोडी अक्कल वापरायची. संगणकावर रचलेल्या गाण्यांचा बीपीएम बहुधा पूर्णांक असतो, क्वचित अर्धा. १२७.९९८ आलं तर १२८ लिहा, तिसऱ्या दशांशाला चिकटून बसू नका. पण निखळ इलेक्ट्रॉनिक गाण्याचं उत्तर १२८.४३ असं विचित्र आलं, तर तुमच्याकडची प्रत वेग बदलून कुणीतरी चढवलेली असण्याची शंका घ्या आणि मूळ अल्बममधली फाईल मिळवा.

घसरण मोजताना थेट शेवटी उडी मारू नका. चूक अर्ध्या मात्रेहून मोठी झाली असेल तर तुम्ही शेजारच्याच मात्रेशी जुळवून बसाल आणि सूत्रातून निघालेलं उत्तर पार चुकेल. आधी ३० सेकंदांवर जुळवा, नवा बीपीएम टाका, मग ९० सेकंदांवर, मग शेवटी. दर पायरीला दुरुस्ती लहान होत जायला हवी. ती मोठी होत असेल तर चिन्ह उलटं धरलंय.

टी कळ ठोकून मिळणारा बीपीएम ही फक्त सुरुवात आहे. हात कितीही पक्का असला तरी दशांशात एक-दोन घरं तो चुकणारच. ॲरोव्होर्टेक्ससारखं बीपीएम शोधून देणारं साधन याहून कितीतरी जवळचा आकडा देतं, पण त्यातही दोन गोष्टी सांभाळा. एक, ते कधी कधी दुप्पट, निमपट किंवा दोन-तृतीयांश आकडा पुढे करतं: १८० च्या गाण्याला ९० किंवा १२०. ९० घेतलंत तर नोट जागेवर बसतील, पण स्लायडरचा (दाबून धरून वाटेने ओढत न्यायच्या नोटचा) वेग मात्रेवर ठरत असल्याने तो निम्मा होईल. स्लायडर व्हेलॉसिटी १.४ असताना स्लायडर एका मात्रेत १४० ओसू-पिक्सेल जातो. मात्राच दुप्पट लांब झाली की सगळं रेंगाळतं. दोन, त्यातला ऑफसेट स्टेपमेनिया या दुसऱ्या लय-खेळाच्या पद्धतीचा असतो: सेकंदांत आणि उलट्या चिन्हाचा. उणे ०.१२३ दिसलं तर ओसूत १२३.

चूक सगळीकडे सारखी: ऑफसेट

हे सोपं दुखणं. टायमिंगच्या खिडकीत (एफ६) ऑफसेट बदला. नोट आधीच टाकलेले असतील तर तिथेच ऑफसेट किंवा बीपीएम बदलल्यावर नोटही सोबत हलवायचा चौकोन आहे, त्यावर खूण करायला विसरू नका. नाहीतर जाळी पुढे जाते आणि नोट मागेच राहतात.

ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये वेव्हफॉर्म मोठा करून पहिल्या ठोक्याची वेळ वाचायची आणि ओसूत टाकायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. एमपी३ बाबत तो घातक आहे. एमपी३ बनवताना लेम एन्कोडर सुरुवातीला ५७६ नमुन्यांची रिकामी जागा घालतो, उघडताना डिकोडरचे आणखी ५२९ येतात. ४४,१०० हर्ट्झला हे दोन्ही मिळून सुमारे २५ मिलिसेकंद होतात. एक सॉफ्टवेअर ही जागा कापून दाखवतं, दुसरं नाही. त्यामुळे ऑडॅसिटीतला आकडा अंदाजापुरता घ्या आणि शेवटचे दहा-वीस मिलिसेकंद ओसूतच कानाने ठरवा.

दुसऱ्याच्या फार जुन्या मॅपवरून टायमिंग उतरवत असाल तर त्या फाईलची पहिली ओळ बघा. तिथे आवृत्तीचा आकडा असतो. तो ५ पेक्षा लहान असेल तर खेळ ती फाईल उघडताना सगळ्या वेळांत २४ मिलिसेकंद स्वतःहून मिळवतो. नोटपॅडमधून आकडे जसेच्या तसे उचललेत तर नेमकी तेवढीच चूक येणार.

ठोका जुळला म्हणजे काम संपलं असंही नाही. सम जुळायला हवी. मेट्रोनोमचा उंच आवाज मापाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. तो तिसऱ्या मात्रेवर पडत असेल तर ऑफसेट दोन मात्रांनी सरकवा. ओसूच्या साध्या प्रकारात ही चूक लपून राहते, टायको आणि मॅनिया या प्रकारांत मापाच्या रेघा पडद्यावरच दिसतात, तिथे लगेच उघडी पडते. गाण्याची सुरुवात नुसत्या आलापाची किंवा पॅडची असेल तर ऑफसेट पहिल्या स्पष्ट ठोक्याच्या समेवर ठेवा. पहिल्या लाल रेघेची (ऑफसेट आणि बीपीएम लिहिलेल्या टायमिंग पॉइंटची) जाळी मागेही पसरते.

दर वेळी वेगळा आकडा: फाईलचा बिटरेट

शून्यापासून वाजवलं तर मध्य जुळतो, मधूनच वाजवलं तर जुळत नाही. हे व्हीबीआर, म्हणजे बदलत्या बिटरेटच्या एमपी३ चं लक्षण. अशा फाईलमध्ये सारख्या वेळाला सारखे बाइट लागत नाहीत, त्यामुळे मधल्या एखाद्या क्षणावर जाताना जागेचा अंदाज बांधावा लागतो आणि तो थोडा इकडेतिकडे पडतो. अशा फाईलवर टायमिंग करणं म्हणजे रबराच्या पट्टीने कापड मोजणं.

ऑडॅसिटीतून एमपी३ निर्यात करताना बिटरेटचा प्रकार कॉन्स्टंट आणि दर १९२ केबीपीएस निवडा. रँकिंगच्या नियमात एमपी३ ची वरची मर्यादाही १९२ च आहे, त्यामुळे ३२० ची फाईल तशीही पुढे अडकते. ९६ ची फाईल १९२ करून आवाज सुधारत नाही. चांगला मूळ स्रोत शोधा. आणि हे सगळं टायमिंगच्या आधी करा. फाईल पुन्हा एन्कोड केली की सुरुवातीची रिकामी जागा बदलू शकते, म्हणजे ऑफसेट पुन्हा तपासणं आलं. नोट टाकून झाल्यावर "जरा चांगल्या क्वालिटीची" फाईल त्याच नावाने आत टाकणारे इथेच फसतात.

एका जागी उडी, किंवा लयच स्थिर नाही

गाणं कुठेतरी कापून जोडलेलं असेल तर त्या जागेपर्यंत सगळं बरोबर आणि तिथून पुढे सगळं सारखंच चुकलेलं असतं. कापल्यानंतरची पहिली सम शोधा, तिथे कंट्रोल+पी दाबून नवी लाल रेघ टाका, बीपीएम तोच ठेवा. बस.

माणसांनी वाजवलेल्या, क्लिकशिवाय रेकॉर्ड झालेल्या गाण्यांचं प्रकरण वेगळं. जुनी भावगीतं, नाट्यपदं, ढोलकीची लावणी, ढोल-ताशाचं मैदानातलं रेकॉर्डिंग: यांना एक बीपीएम नसतोच. पहिल्याच मॅपला असं गाणं घेऊ नका, हा आमचा स्पष्ट सल्ला. घ्यायचंच असेल तर पद्धत अशी. पहिल्या समेपासून मेट्रोनोम चालवा आणि तो ठोक्यापासून दहा मिलिसेकंदांहून जास्त सुटतोय असं वाटलं की थांबा. त्या आधीच्या समेवर नवी लाल रेघ टाका. दोन रेघांमधल्या मात्रा मोजा आणि बीपीएम काढा: मात्रा × ६०,००० ÷ अंतर. १६ मात्रांना ९,६२० मिलिसेकंद लागले तर ९९.७९. मग पुढचा तुकडा. एखादं गाणं चार-चार मापांच्या तुकड्यांत निभावतं, ढोल-ताशात लय चढत जाते तिथे दर मापाला रेघ लागू शकते. मात्र दर ठोक्याला रेघ टाकू नका. वादकाच्या हाताचा दोन-चार मिलिसेकंदांचा हेलकावा जाळीत उतरवलात तर खेळणाऱ्याला ती लय वाटत नाही, अडखळ वाटते.

लग्गी सुरू झाली की बीपीएम दुप्पट करायचा मोह होतो. करू नका. तबल्यावरचे बोल दाट होतात, मात्रा तीच राहते. मेट्रोनोम चालू ठेवून टाळी देऊन बघा. टाळी आधीच्याच अंतराने पडत असेल तर जाळीला हात न लावता नोट अर्ध्या किंवा पाव मात्रेवर टाका.

लाल रेघेचा एक उपद्रव कायम लक्षात असू द्या: ती स्लायडरचा वेग परत १.० पटीवर आणते. आधी हिरव्या रेघेने (बीपीएमला हात न लावता फक्त स्लायडरचा वेग वगैरे बदलणाऱ्या रेघेने) ०.८ पट केलेलं असेल तर नव्या लाल रेघेपासून स्लायडर अचानक धावू लागतात. त्याच मिलिसेकंदावर कंट्रोल+शिफ्ट+पी ने हिरवी रेघ टाकून वेग पुन्हा लिहा. बीपीएमच बदलला असेल तर पटही त्या प्रमाणात बदला: १०० वरून १२० झालं आणि वेग दिसायला तोच हवा, तर १.० च्या जागी ०.८३.

मेट्रोनोम बरोबर, नोट तेवढे चुकतात

समेवरचे नोट चोख, मधलेच बोचतात, असं असेल तर टायमिंगला दोष देऊ नका, स्नॅप (मात्रेचे किती भाग पाडून त्यावर नोट बसवायचा ते) चुकलाय. नवशिके सगळं १/४ वर टाकतात. दादऱ्याच्या सहा मात्रा तुम्ही दोन ठोक्यांत धरल्या असतील तर प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात आणि तिथे १/३ किंवा १/६ लागतो. १२० बीपीएमला १/३ म्हणजे १६७ मिलिसेकंद, १/४ म्हणजे १२५. फरक ४२ चा, कानाला ठसठशीत कळतो. दादऱ्याची प्रत्येक मात्रा ठोका धरली असेल तर माप ४/४ च्या जागी ३/४ निवडा. केरव्याच्या आठ मात्रा मात्र ४/४ च्या दोन मापांत सरळ बसतात.

टाइमलाइनवरचे रंग पाठ करून टाका: १/१ पांढरा, १/२ लाल, १/४ निळा, १/३ आणि १/६ जांभळट, १/८ पिवळा. ऐकताना तीन-तीनचा झोका जाणवतोय आणि खाली निळ्या रेघांची रांग दिसतेय, तर चूक सापडली. पाश्चात्त्य स्विंग गाण्यांतही हेच होतं.

दुरुस्ती झाल्यावर

बदलाआधी मॅपच्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवा. मग टायमिंग मेन्यूतून सगळे नोट पुन्हा स्नॅप करा आणि स्लायडरची लांबी पुन्हा मोजायला सांगा. रीस्नॅप नोटला जवळच्या रेघेवर नेऊन बसवतो. त्यात १/३ वरचे नोट १/४ वर गेले नाहीत ना, हे डोळ्यांनी बघा. मिश्र लयीच्या गाण्यात ही पायरी तुकड्या-तुकड्यानेच केलेली बरी. नंतर कंट्रोल+शिफ्ट+ए ने एआयमॉड (एडिटरमधला चुका शोधणारा तपासनीस) उघडा, न बसलेले नोट तो वेळेसकट दाखवतो. एफ५ ने मधूनच चाचणी खेळून समाधान मानू नका, अख्खं गाणं एकदा सुरुवातीपासून खेळा.

आणि हे जिथे-तिथे राहून जातं: प्रत्येक डिफिकल्टीची (एकाच गाण्याच्या सोप्या-अवघड पातळीची) फाईल वेगळी असते आणि टायमिंग प्रत्येकीत स्वतंत्र लिहिलेलं असतं. 'हार्ड' दुरुस्त केलं म्हणून 'ईझी' आपोआप सुधारत नाही. ओसू बंद करा, नोटपॅडमध्ये दोन्ही फाईल उघडा आणि टायमिंग पॉइंट्सच्या विभागातल्या लाल रेघांच्या ओळी एकीतून दुसरीत न्या. स्वल्पविरामांनी तोडलेल्या आठ आकड्यांपैकी सातवा १ असेल ती लाल, ० असेल ती हिरवी. हिरव्या रेघांचा दुसरा आकडा उणे असतो (उणे १०० म्हणजे एक पट, उणे ५० म्हणजे दोन पट). त्या ज्या-त्या डिफिकल्टीच्या असतात, त्या सरसकट उचलू नका. ओळी वेळेच्या चढत्या क्रमाने ठेवा, आणि एकाच वेळेवर दोन्ही रंग असतील तर लाल वर, हिरवी खाली.